लॅपटॉप दुकानात निवडा, पण सुरू घरीच करा

प्रश्न : माझी मुलगी यंदा अकरावी विज्ञान शाखेत गेली असून तिने माहिती तंत्रज्ञान हा विषय घेतला आहे. धाकटा मुलगा सातवीत आहे. दोघांत मिळून एकच लॅपटॉप घ्यायचा असून पंचेचाळीस, फार तर पन्नास हजार रुपये खर्च करता येतील. इथल्या दुकानदाराने दोन लॅपटॉप दाखवले. एक वापरलेला, ‘आय-सेव्हन ७५००यू’, एक टीबीच्या हार्ड डिस्कचा, अठ्ठावीस हजारांना. दुसरा नवा, ‘रायझन फाइव्ह ७५२०यू’, आठ जीबी रॅमचा, त्रेचाळीस हजारांना. पुण्याचे धाकटे दीर म्हणतात, गेमिंग लॅपटॉपच घ्या, म्हणजे इंजिनिअरिंगपर्यंत बघायला नको. गेल्या वर्षी घरच्या जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क टकटक आवाज करत बंद पडली. सासऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो आणि मुलीचे शाळेचे सगळे काम त्यात होते. डिस्क अजून कपाटात आहे. ते फोटो परत मिळतील का, आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करावे? – एक वाचक, कराड

उत्तर : आपल्या पत्रातला दुसरा प्रश्न, म्हणजे फायली कशा जपाव्यात हा, पहिल्यापेक्षा मोठा आहे, पण खरेदी आधी व्हायची असल्यामुळे सुरुवात तिथून करतो. दुकानदाराने दाखवलेल्या दोन्ही लॅपटॉपांपैकी एकही या किमतीत घेऊ नये, आणि दिरांचा सल्लाही तूर्त बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलीला येत्या दोन वर्षांत लॅपटॉपवर नेमके काय करायचे आहे, ते पाहू. माहिती तंत्रज्ञान विषयात एचटीएमएल, जावास्क्रिप्ट यांसारखे वेबपाने तयार करण्याचे भाग असतात आणि त्यांच्यासाठी एक साधा एडिटर व ब्राउझर एवढेच लागते. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उतरवून घेता येतात. एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन या दोन्ही परीक्षा संगणकावर द्याव्या लागतात, त्यामुळे पडद्यावर प्रश्न वाचून शेजारी कच्चे गणित करण्याचा सराव घरी झालेला बरा. त्याखेरीज व्याख्यानांचे व्हिडिओ, प्रकल्पाचा अहवाल, एखादे सादरीकरण. यातल्या एकाही कामाला स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागत नाही. गेमिंग लॅपटॉपमध्ये पैसा जातो तो त्या कार्डावर आणि ते थंड ठेवणाऱ्या पंख्यांवर. यंत्र जड होते, चार्जर त्याहून अवजड होतो, बॅटरी भराभर उतरते, आणि वीज गेलेल्या संध्याकाळी नेमकी तीच गोष्ट नडते. पुढे मुलगी इंजिनिअरिंगला गेलीच तर कोणत्या शाखेला जाईल, हे आज ठाऊक नाही. तेव्हाची गरज तेव्हाच्या यंत्राने भागवावी. शिवाय घरात सातवीतला मुलगा आहे, हे दिरांच्या बहुधा लक्षात आले नसावे.

आता वापरलेला ‘आय-सेव्हन’. आपल्याकडे तीन, पाच आणि सात हे आकडे परीक्षेतल्या श्रेणीसारखे वाचले जातात आणि दुकानदारांना ते सोयीचेच असते. खरी माहिती मात्र त्यांच्या पुढच्या संख्येत असते. ७५००यू यातला पहिला ७ म्हणजे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरांची सातवी पिढी. त्या प्रोसेसरमध्ये दोनच कोर, म्हणजे एकाच वेळी स्वतंत्रपणे काम करणारे भाग, आहेत. बाराव्या पिढीच्या ‘आय-थ्री १२१५यू’ या साध्यासुध्या प्रोसेसरमध्ये सहा आहेत आणि तो रोजच्या कामात या ‘आय-सेव्हन’ला सहज मागे टाकतो. त्याहून महत्त्वाची अडचण अशी की विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढच्या इंटेल प्रोसेसरांवरच चालते, अगदी तुरळक अपवाद सोडले तर. आणि विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्ययावते (अपडेट) मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आहेत. दुकानदार म्हणेल, मी विंडोज ११ टाकून देतो. टाकता येतेही, कारण तपासणी चुकवण्याच्या युक्त्या आहेत. पण अशा यंत्राला पुढची अद्ययावते मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आणि ती एक टीबीची हार्ड डिस्क, जिच्यामुळे हा सौदा घसघशीत वाटतो, ती फिरत्या तबकड्यांची आहे. गेल्या वर्षी आपल्या घरी जे झाले तेच तिच्या बाबतीत, तेही आधीच काही वर्षे वापरून झाल्यावर, होण्याची शक्यता मोठी. कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले जुने लॅपटॉप मुळात वाईट नसतात, पुष्कळदा ते नव्या स्वस्त लॅपटॉपांपेक्षा दणकट असतात. मात्र ते घ्यायचे तर आठव्या पिढीच्या आधीचे घेऊ नयेत, आत एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्या नसलेली साठवण, असावी, आणि विक्रेत्याकडून विंडोजचा बॅटरी अहवाल आपल्यासमोर काढून घ्यावा. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतच धरावा.

नव्या रायझनची गोष्ट जरा मजेदार आहे. रायझन बनवणाऱ्या एएमडी कंपनीच्या त्या मालिकेतल्या चार आकड्यांपैकी पहिला ७ हा विक्रीचे वर्ष सांगतो, आतली रचना कोणत्या काळातली आहे हे तिसरा आकडा सांगतो. ७५२०यू मधला २ म्हणजे ‘झेन २’, म्हणजे २०१९ साली बाजारात आलेली रचना. ७५३०यू मध्ये तिसरा आकडा ३ आहे; त्यात चारऐवजी सहा कोर आहेत. एका आकड्याच्या फरकाची ही दोन नावे दुकानाच्या फळीवर शेजारी-शेजारी ठेवलेली असतात आणि गिऱ्हाईक दोन्हींना ‘रायझन फाइव्ह’ म्हणूनच ओळखते. ७५२०यू असलेल्या लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, कायमची जोडलेली असते, म्हणजे आज घेतलेले आठ जीबी शेवटपर्यंत आठच राहणार. ब्राउझरमध्ये दहा-बारा पाने, एक व्हिडिओ आणि एक कागदपत्र एवढे उघडले की आठ जीबी रॅम आज पुरी पडते खरी, परंतु जेमतेम. हा लॅपटॉप टाकाऊ नाही. त्रेचाळीस हजारांना मात्र तो महाग आहे.

मग मागायचे काय? इंटेलमध्ये बाराव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा आय-थ्री किंवा आय-फाइव्ह, एएमडीमध्ये तिसरा आकडा ३ किंवा त्याहून मोठा असलेला रायझन. रॅम सोळा जीबी, ती परवडत नसेल तर आठ जीबी, पण पुढे वाढवण्यासाठी एक खाच मोकळी असलेला लॅपटॉप. आणि ५१२ जीबीची एनव्हीएमई या वेगवान प्रकारची एसएसडी. चार जीबी रॅम आणि ६४ जीबी ‘ईएमएमसी’ या संथ साठवणीचे अगदी स्वस्त लॅपटॉप कोणी सुचवले तर थेट नाही म्हणावे. विंडोजची अद्ययावते घेता-घेताच त्यांची जागा संपते. किमतीचा नेमका आकडा मी देत नाही, कारण २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती जगभर चढल्या असून लॅपटॉपच्या किमती त्यांच्या मागोमाग हलत आहेत. रॅम आणि प्रोसेसर या दोहोंपैकी एकावरच पैसे वाढवता येत असतील तर ते रॅमवर वाढवावेत. आणि ५१२ जीबीच्या ठिकाणी विंडोज ४७६ च्या आसपास आकडा दाखवील तेव्हा दुकानदाराशी भांडू नये. मोजण्याच्या दोन पद्धतींतला तो फरक आहे, त्यात फसवणूक नाही.

कागदावर न दिसणाऱ्या दोन गोष्टी दुकानात उभे राहूनच पाहाव्या लागतात. पहिली पडदा. तो फुल एचडी आणि आयपीएस, म्हणजे बाजूने पाहिले तरी रंग न बदलणारा, असावा. विक्रेत्याचे बोलणे ऐकण्याऐवजी लॅपटॉप समोर ठेवून झाकण पुढे-मागे कलते करावे आणि बाजूनेही पाहावे. रंग उलटेपालटे होऊन माणसाचा चेहरा काळवंडत असेल तर तो पडदा हलका आहे आणि मुलीला दोन वर्षे त्यावरच वाचायचे आहे. दुसरी गोष्ट कीबोर्ड. त्यावर चार ओळी टाइप करून पाहाव्यात आणि शक्य असल्यास कळांखाली दिवा असलेला घ्यावा. शहरातल्या परीक्षणांत याला चैन म्हणतात. भारनियमनाच्या गावात ती सोय आहे.

पक्के जीएसटी बिल घ्यावे, त्यावर अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि तो खोक्यावरच्या व लॅपटॉपच्या पाठीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. वॉरंटीत कंपनीचा माणूस कराडला घरी येणार की लॅपटॉप साताऱ्याला किंवा पुण्याला पोहोचवावा लागणार, हेही आधी विचारावे. लॅपटॉप बिघडल्यावर हा प्रश्न विचारून उपयोग नसतो.

आता ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते तिच्याकडे येतो. बिल होताच दुकानदार आपुलकीने म्हणतो, “थांबा ताई, सगळं टाकून, चालू करूनच देतो.” खोके तिथेच फोडले जाते. खाते काढण्याची पायरी आली की दुकानातला मुलगा हाताशी असलेला एखादा ईमेल पत्ता टाकतो, नाहीतर त्याच क्षणी एक नवा पत्ता तयार करतो, ज्याचा पासवर्ड तो स्वतःही आठवड्याभरात विसरतो. मग पेनड्राइव्हवरून ‘ऑफिस’ चढवले जाते आणि ते चालावे म्हणून ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ नावाचा एक प्रोग्रॅम. तो चालवण्यासाठी विंडोजची अँटिव्हायरस यंत्रणा आधी बंद केली जाते. घरी येतो तो सुरू झालेला लॅपटॉप, पण त्याची मालकी भलत्याच्याच खात्यावर असते.

हे बरीच वर्षे खपून गेले, कारण त्याने फारसे बिघडत नव्हते. आता बिघडते. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ च्या उत्तरार्धापासून, नवा लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केला की आतली एसएसडी बहुतेक वेळा आपोआप कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट होते. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला आतले काही वाचता येऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे आणि तो चांगलाच आहे. त्या कुलपाची ४८ अंकी किल्ली, म्हणजे ‘रिकव्हरी की’, ज्या खात्याने लॅपटॉप सुरू झाला त्या खात्यात जाऊन बसते. रोजच्या वापरात ती कधी विचारली जात नाही. पण मदरबोर्ड बदलला, बायोसचे, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचे, अद्ययावत झाले किंवा तसलाच काही फरक आत पडला की एके दिवशी निळ्या पडद्यावर ती किल्ली मागितली जाते, आणि खाते दुकानातल्या विसरलेल्या पत्त्यावर असेल तर मुलीची दोन वर्षांची टिपणे तिथेच संपतात. ही किल्ली हरवली तर मायक्रोसॉफ्टलाही ती डिस्क उघडून देता येत नाही. एसएसडी शाबूत, फायली शाबूत, आणि तरीही हाती काही नाही.

म्हणून दुकानात एवढेच करावे : आपल्यासमोर खोके उघडून लॅपटॉप बाहेर काढावा, अनुक्रमांक ताडावा, पडदा व कीबोर्ड यांसाठी दुकानात मांडलेला त्याच मॉडेलचा नमुना पाहावा, आणि नवा लॅपटॉप न सुरू करता घरी आणावा. दुकानदार ‘तुम्हाला जमणार नाही’ म्हणाला तरी विंडोज सुरू करण्याच्या पायऱ्या पडद्यावर एकेक करून येतात, आणि त्यांना तास-दीड तास लागतो. मोबाइलचा हॉटस्पॉट पुरतो, डेटा मात्र भरपूर असू द्यावा. पहिले खाते आपल्या स्वतःच्या नावाने काढावे, ज्या पत्त्यावर आपण नेहमी मेल पाहता त्याने, आणि पुनर्प्राप्तीसाठी असा मोबाइल क्रमांक द्यावा जो घरात कायम चालू राहणार आहे. रिचार्ज न केलेला क्रमांक काही महिन्यांनी बंद होऊन दुसऱ्याच कोणाला दिला जाऊ शकतो. जुन्या सिमवर खाते टांगून ठेवणाऱ्यांची त्यामुळे मोठी पंचाईत होते. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करावी. त्यानंतर मोबाइलवरून त्याच खात्यात जाऊन उपकरणांच्या यादीत हा लॅपटॉप शोधावा, त्याखालची ती ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवावी, दुसऱ्याकडून वाचून घेऊन ताडावी आणि घराच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवावी. लॅपटॉपच्या पिशवीत मात्र ती नको.

खोक्यात ऑफिसचा उल्लेख असेल तर तो नीट वाचावा. काही लॅपटॉपांसोबत कायमस्वरूपी ऑफिस येते, काहींसोबत एका वर्षाची वर्गणी येते, आणि काहींसोबत ही दोन्ही अशी मिसळलेली असतात की ऑफिस कायमचे पण १०० जीबीची ऑनलाइन साठवण मात्र एकाच वर्षाची. वर्ष संपले की साठवण पुन्हा मोफतच्या ५ जीबीवर येते आणि जागेपेक्षा जास्त भरलेल्या खात्यात नवीन काही ठेवता येत नाही. कायमस्वरूपी ऑफिस असेल तर ते पहिल्याच आठवड्यात आपल्या खात्याशी जोडून घ्यावे. नसेल तर लिबरऑफिस विनामूल्य आहे, कायदेशीर आहे आणि अकरावी-बारावीचे सगळे लेखन त्यात होते. चोरीचे ऑफिस घेण्याचे कारणच उरत नाही. वेगळा अँटिव्हायरसही विकत घेण्याची गरज नाही. विंडोजमधला डिफेंडर पुरेसा आहे, फक्त तो कोणाला बंद करू देऊ नये आणि अद्ययावते पुढे ढकलत राहू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर, म्हणजे फायली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या, व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला तेव्हा त्याने वापरलेल्या विंडोजमधल्या त्रुटीवरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. बळी पडले ते प्रामुख्याने तो न घेतलेले संगणक.

फायलींबाबत पहिला गैरसमज दूर करतो. नव्या लॅपटॉपमध्ये वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण, आपोआप चालू होते, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर आपल्या ताब्यात घेते, आणि कोपऱ्यात निळा ढग दिसू लागला की सगळे सुरक्षित झाले असे वाटते. ते सुरक्षित झालेले नसते, जुळवलेले असते. लॅपटॉपवर मुलाने चुकून एक फोल्डर पुसला की ढगातूनही तो पुसला जातो. कचरापेटीत तो ३० दिवस मिळतो, त्यानंतर नाही. गूगल ड्राइव्हचेही तसेच. शिवाय वनड्राइव्हचे मोफतचे ५ जीबी मोबाइलमधले फोटो आले की भरतात, आणि भरल्यावर नव्या फायली चढणे बंद होते. त्याची सूचना येते, पण मुले ती ‘नंतर’ म्हणून बाजूला सारतात. गूगलची मोफत मर्यादा १५ जीबी आहे, मात्र जीमेल आणि फोटो यांच्यासह मिळून. तेव्हा ऑनलाइन साठवण शाळेच्या कामासाठी वापरावी, कारण ते काम आकाराने लहान असते आणि रोज बदलते. घरच्या फोटोंसाठी ती पुरणार नाही.

फोटो आणि कागदपत्रांसाठी एक टीबीची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घ्यावी. पन्नास हजारांची मर्यादा ठरवताना तिचे पैसे सुरुवातीलाच बाजूला काढावेत, नाहीतर ती कधीच घेतली जात नाही. या क्षेत्रातले लोक तीन-दोन-एक असा दंडक सांगतात : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर. आपल्या घरापुरते त्याचे रूप असे होईल. एक प्रत लॅपटॉपमध्ये. दुसरी बाहेरच्या डिस्कवर. महिन्यातला एक ठरावीक दिवस धरावा, विजेचे बिल भरण्याचा दिवस चालेल, त्या दिवशी डिस्क जोडावी, विंडोजमधल्या ‘फाइल हिस्टरी’ने किंवा साध्या कॉपी-पेस्टने नवे सगळे तिच्यावर घ्यावे आणि डिस्क काढून कपाटात ठेवावी. काढून ठेवणे हा यातला खरा भाग आहे. सतत जोडलेली डिस्क खंडणीखोर व्हायरसला लॅपटॉपइतकीच उघडी असते, आणि विजेचा झटका आला तर दोन्ही एकदमच जातात. तिसरी प्रत दिरांकडे : दिवाळीत आणि गणपतीत ते येतात तेव्हा त्यांच्या डिस्कवर किंवा त्यांच्या लॅपटॉपमध्ये घरचे फोटो उतरवून द्यावेत. गेमिंग लॅपटॉपचा त्यांचा सल्ला आपण ऐकणार नसलात, तरी एवढे काम त्यांना आनंदाने सोपवता येईल. आणि प्रत घेतल्यावर दर वेळी तीतल्या दोन-चार फायली उघडून पाहाव्यात. न उघडणाऱ्या प्रतीचा शोध मूळ फाइल गेल्यावर लागतो, असा अनेकांचा अनुभव आहे.

पेनड्राइव्हला मी प्रतींमध्ये धरत नाही. ती फायली नेण्या-आणण्याची वस्तू आहे, आणि आपल्याकडे तिचा प्रवास बहुतेक वेळा झेरॉक्सच्या दुकानापर्यंत असतो. तिथल्या संगणकात दिवसभरात पंचवीस जणांचे पेनड्राइव्ह जातात. घरी येऊन पाहावे तर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले. मुले घाबरून ते पुसतात किंवा त्यांवर दोनदा टिचकी मारून व्हायरस घरच्या लॅपटॉपमध्ये घेतात. मूळ फायली पुष्कळदा तिथेच लपवलेल्या असतात, त्यामुळे काही न उघडता आधी डिफेंडरने तो पेनड्राइव्ह तपासून घ्यावा. छपाईसाठी एक वेगळा, लहानसा, एरवी रिकामा पेनड्राइव्ह ठेवावा आणि त्यात फक्त छापायची पीडीएफ न्यावी. पीडीएफचा आणखी एक फायदा असा की तिथल्या संगणकात आपला फाँट असो वा नसो, मजकूर जसाच्या तसा उमटतो. मराठी लेखनासाठी मुलीला सुरुवातीपासून युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखीच दिसणारी अक्षरपद्धती, आणि विंडोजमधलाच मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापरू द्यावा. जुन्या खासगी फाँटांत टाइप केलेले निबंध चार वर्षांनी दुसऱ्या संगणकावर उघडले की अगम्य चिन्हांची रांग दिसते.

त्याच दुकानात आणखी एक धोका असतो आणि तो व्हायरसपेक्षा वाईट आहे. प्रवेशाच्या दिवसांत उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधार, गुणपत्रिका हे सगळे स्कॅन करून घेतले जाते आणि त्या प्रती दुकानाच्या डेस्कटॉपवर मुलीच्या नावाच्या फोल्डरमध्ये महिनोन्‌महिने पडून राहतात. काम झाले की तो फोल्डर आपल्यासमोर पुसायला सांगावा, रीसायकल बिनही रिकामी करून घ्यावी, व्हॉट्सअ‍ॅप वेब किंवा मेल तिथे उघडले असेल तर मोबाइलवरून ते बंद करावे. जिथे पूर्ण आधार क्रमांक आवश्यक नाही तिथे शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार द्यावे. दहावीची गुणपत्रिका डिजिलॉकरवर मिळते, ती तिथूनच घेतली तर स्कॅन करण्याचा प्रश्नच राहत नाही.

कपाटातल्या त्या डिस्कविषयी. टकटक आवाज करणाऱ्या डिस्कमध्ये वाचणारी यांत्रिक सुई अडखळत असते आणि प्रत्येक वेळी वीज दिली की ती तबकडीला आणखी ओरखडण्याची भीती असते. म्हणून ‘एकदा लावून तर पाहू’ हे आता कोणालाही करू देऊ नये, गावातल्या दुरुस्ती करणाऱ्यालाही नाही, आणि ती उघडू तर मुळीच देऊ नये. अशा डिस्क धूळविरहित खोलीतच उघडाव्या लागतात. पुण्या-मुंबईत डेटा परत काढून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. डिस्क त्यांच्याकडे देण्यापूर्वी तपासणीचे शुल्क किती, डेटा निघाला नाही तर किती घेणार आणि निघालेल्या फायलींची यादी पैसे भरण्याआधी दाखवणार का, या तिन्ही गोष्टी लेखी घ्याव्यात. आवाज करणाऱ्या डिस्कचा खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. म्हणून त्याआधी एक बिनखर्चाचा मार्ग पाहावा : सहस्रचंद्रदर्शनाला आलेल्या नातेवाइकांच्या फोनमध्ये, कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आणि छायाचित्रकाराकडे त्या दिवसाचे पुष्कळसे फोटो अजून असतील. ते आजच मागवावेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे, नाहीतर ते आकसून येतात. एक सूचना नव्या लॅपटॉपसाठीही : एसएसडी असा आवाज करून इशारा देत नाही, ती अचानक बंद होते, आणि तिच्यावरून पुसलेले पुन्हा काढणे बहुतेक वेळा प्रयोगशाळेलाही जमत नाही.

वापराबाबत थोडेसेच सांगतो. लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवरच्या उशीवर ठेवू नये. खालची हवेची जागा बंद झाली की तो तापतो आणि मंदावतो. बहुतेक कंपन्यांच्या सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. टेबलावर कायम वायर लावून काम होणार असेल तर ती चालू करावी, मात्र जिथे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही तिथे परीक्षेच्या आठवड्यात ती बंद ठेवून बॅटरी पूर्ण भरू द्यावी. धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरातले अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये खोचून वापरल्यानेही हेच होते.

राहता राहिला धाकटा. त्याला बहिणीच्या खात्यात बसू देऊ नये. आपल्या मुख्य खात्याखाली दोघांची दोन वेगवेगळी साधी खाती काढावीत, ज्यांना बहुतेक नवे प्रोग्रॅम चढवण्यासाठी आपला पासवर्ड लागेल. त्याला गेम हवा झाला की तो बहुतेक वेळा आपल्याकडे येईल आणि तो गेम कोणत्या संकेतस्थळावरून उतरवलेला आहे, हे आपल्याला आधी पाहता येईल. त्याच्या वेळेची मर्यादाही मायक्रोसॉफ्टच्या कुटुंब सुविधेतून त्याच्या खात्यापुरती घालता येते. मुलीला मात्र तिच्या खात्याचा पासवर्ड तिचा तिलाच ठरवू द्यावा आणि भावाला तो कळला, तर ओरडा न खाता बदलण्याची मुभाही द्यावी.